एका धाग्याचे अनेक फाटे

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

इंग्रजी शब्दकोशात सर्वांत अवघड शब्द कोणता, असे विचारले तर आपण लांबलचक, उच्चारताना जीभ अडखळेल असा एखादा शब्द शोधू लागतो. प्रत्यक्षात कोशकारांना घाम फोडतात ते शब्द अगदी चिमुकले असतात. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश पहिल्यांदा १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. जेम्स मरे हे त्याचे प्रमुख संपादक, आणि काम पुरे झालेले पाहण्याआधीच, १९१५ मध्ये, ते वारले. या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सर्वांत जास्त जागा कोणी अडवली असेल? ‘सेट’ या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाने. त्याचे सुमारे ४३० अर्थ तेथे नोंदलेले आहेत. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ‘रन’ या क्रियापदाने ‘सेट’लाही मागे टाकले. ‘रन’चे ६४५ अर्थ वेगळे काढावे लागले, आणि त्यासाठी एका संपादकाचे नऊ महिने खर्ची पडले. आपल्याला मात्र ‘रन’ म्हटले की धावणे आणि क्रिकेटची धाव एवढेच आठवते!

हे वाचले तेव्हा वाटले की असा एखादा शब्द आपणही हाती घेऊन पाहावा. पण तो कोशातला नको, रोजच्या वापरातला हवा. ज्यांनी इंग्रजीचे एकही पुस्तक उघडलेले नाही अशा माणसांच्या तोंडी असलेला हवा. शोधायला लांब जावे लागले नाही. तो शब्द म्हणजे ‘लाइन’.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात. आई शेतात मजुरीला जाते. दोघांनाही इंग्रजी येत नाही असे ती दोघे सांगतात आणि मीही आजवर तसेच मानत आले. पण आठ दिवस कान देऊन ऐकले आणि चक्क मोजदाद केली. आई म्हणते, “रेशनच्या दुकानापुढं लाइन हाय.” संध्याकाळी दिवे गेले की, “लाइन गेली.” शेजारचे काका रात्री मोटार चालू करायला निघतात ते “आज रातची लाइन हाय” म्हणून. वडील मिस्त्रींना सांगतात, “लाइन धरून वीट लाव.” धाकट्या भावाला पाहुणे विचारतात, “आता कुठल्या लाइनला जाणार? सायन्स का कॉमर्स?” मामा पोलिसात आहेत, ते राहतात ‘लाइनीत’. शिंपीणबाई विचारतात, “ब्लाउजला लायनिंग लावायचं का?” आणि सेतू केंद्रातून परत आलेला माणूस कपाळाला हात लावून म्हणतो, “ऑनलाइन झालंच नाही.” म्हणजे आठ दिवसांत आठ अर्थ, आणि एकाही अर्थापाशी कोणी अडखळले नाही. कोणाला कोश उघडावा लागला नाही.

यातून दोन प्रश्न निघतात. एकाच शब्दाला इतके अर्थ येतात कोठून? आणि इतके अर्थ असूनही ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही? या लेखात या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची आहेत.

जवसाच्या शेतातून

‘लाइन’चे मूळ शोधत गेले की आपण एका शेतात जाऊन पोचतो. लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवस, अर्थात अळशी. होय, तीच जवस जिची चटणी आपण भाकरीबरोबर खातो! आपल्याकडे जवस लावतात ती बियांसाठी आणि तेलासाठी. युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत मात्र या झाडाच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंना फार मोल होते. त्या तंतूंचे कापड विणत, ते ‘लिनन’. जवसाच्या तंतूचा जो दोरा, त्याला लॅटिनमध्ये म्हणत ‘लिनेआ’. तोच शब्द काही अंशी जुन्या इंग्रजीतून आणि काही अंशी फ्रेंचच्या वाटेने येऊन आजचा ‘लाइन’ झाला. म्हणजे ‘लाइन’चा पहिला अर्थ ना रेघ, ना रांग. पहिला अर्थ दोरा.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जवसाचे नाव आजही ‘लिनम’ याच शब्दाने सुरू होते. इंग्रजीत जवसाला ‘लिनसीड’ म्हणतात, त्याचा अर्थ लिनचे बी. जमिनीवर अंथरायचे ‘लिनोलियम’ हे जवसाच्या तेलापासून बनते, म्हणून त्याच्याही नावात ‘लिन’ आहे. ही सगळी एकाच घरातली भावंडे.

आपल्याकडेही या कापडाची ओळख नव्हती असे नाही. संस्कृतात जवसाला ‘अतसी’ असे नाव आहे, त्यावरूनच आपली ‘अळशी’ आली. दुसरे नाव ‘क्षुमा’, आणि क्षुमेच्या तंतूंचे वस्त्र ते ‘क्षौम’. जुन्या वाङ्मयात क्षौमवस्त्राचा उल्लेख आला की आपण ‘रेशमी वस्त्र’ समजून पुढे जातो. मुळात ते जवसाचे कापड.

दोऱ्याची रेघ कशी झाली?

दोऱ्याचा अर्थ रेघ होण्यामागे कोणा पंडिताची कल्पकता नाही, गवंड्या-सुतारांची रोजची रीत आहे. सरळ भिंत बांधायची तर आधी दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणतात. ताणलेली दोरी ही माणसाला सहज मिळणारी सर्वांत सरळ गोष्ट. फळी कापायची असेल तर दोरी गेरूत बुडवून फळीवर ताणतात आणि मधोमध चिमटीत धरून सोडून देतात. दोरी उचलली तरी तिची खूण फळीवर राहते. हीच रेघ. दोरा गेला, त्याची खूण राहिली, आणि खुणेला दोऱ्याचेच नाव पडले.

आमच्या वडिलांच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि एक दोरीचे रीळ असते. त्या दोरीला सगळे गवंडी ‘लाइनदोरी’ म्हणतात. या जोडशब्दाची गंमत पाहा. ‘लाइन’ म्हणजे मुळात दोरी, आणि ‘दोरी’ म्हणजे तर दोरीच. हजारो मैलांवरून, दोनतीन भाषांमधून फिरून आलेला शब्द आमच्या गवंड्यांनी नेमका त्याच्या जन्मीच्या अर्थाला नेऊन बांधला. त्यांना लॅटिन येत नव्हते. पण काम तेच होते, म्हणून अर्थही तोच निघाला.

भूमितीत रेषेला लांबी असते, रुंदी नसते असे आपण शिकलो. ग्रीक भूमितिकार युक्लिडची व्याख्याही अशीच आहे. पुढे आपल्याला सांगितले गेले की रेषेला टोके नसतात, टोके असलेला तो रेषाखंड. या भूमितीच्या रेषेचा जन्मही ताणलेल्या दोरीतूनच झाला असावा असे मला वाटते. दोरीची जाडी मनातल्या मनात काढून टाका, दोन्ही टोकांच्या खुंट्या उपटा, आणि ती दोन्हीकडे न संपता जाते आहे अशी कल्पना करा. गणिताची रेषा तयार.

रेघेची रांग, रांगेची वाट

एकदा रेघ मिळाली की पुढचे अर्थ भराभर फुटतात. रेघेवर उभी केलेली माणसे म्हणजे रांग. रेघेवर लिहिलेली अक्षरे म्हणजे ओळ. रणांगणावर रेघेसारखे उभे राहिलेले सैनिक ही सैन्याची ‘लाइन’. छावणीत सैनिकांचे तंबू आणि बराकी रांगेने मांडत, म्हणून त्या वस्तीलाच ‘लाइन्स’ म्हणू लागले. आपल्या ‘पोलीस लाइन’चा उगम हाच. मुंबईचे ‘मरीन लाइन्स’ हे नाव तेथे असलेल्या मरीन बटालियनच्या लाइनींवरून पडले. लष्कराच्या लाइनींपासून वेगळी, मुलकी अधिकाऱ्यांची जी वस्ती ती ‘सिव्हिल लाइन्स’. नागपूरकरांना हे नाव नवीन नाही. त्या वस्तीत आज रांगेने उभी असलेली एकही बराक नसेल, पण नावात रांग राहिलीच आहे.

रेघ एका जागेहून दुसऱ्या जागेकडे नेते, म्हणून ‘लाइन’ म्हणजे वाट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. तिच्यासाठी सुमारे ३४ किलोमीटरचे जे रूळ घातले होते तीही ‘लाइन’च. आज मुंबईकर ‘हार्बर लाइन’, ‘सेंट्रल लाइन’ म्हणतो तेव्हा त्याला नुसते रूळ अभिप्रेत नसतात. त्या मार्गावरच्या गाड्या, वेळापत्रक आणि गर्दी हे सगळे त्यात येते. समुद्रावर ठरावीक मार्गाने जहाजे चालवणारी कंपनी ‘लाइन’, तिचे जहाज ‘लायनर’, आणि आकाशात तेच काम करणारी ‘एअरलाइन’. माणूस आयुष्यात जी वाट धरतो तीही लाइन, म्हणून “कुठल्या लाइनला जाणार?” हा प्रश्न.

याच सुमारास दोऱ्याचा मूळ अर्थ दुसऱ्या बाजूने पुन्हा वर आला. खांबांवरून तारा ताणल्या गेल्या, आधी तारायंत्राच्या, मग टेलिफोनच्या, मग विजेच्या. तार म्हणजे धातूचा दोराच. तिलाही ‘लाइन’ म्हटले गेले. मग तारेतून जे येते तेही लाइन झाले. “लाइन गेली” असे आई म्हणते तेव्हा तारा जागच्या जागी असतात. गेलेली असते ती वीज. वीज कंपनीच्या पत्रात ‘वीजवाहिनी’ असा शब्द असतो, पण खांबावर चढणाऱ्याला सगळा गाव ‘लाइनमन’च म्हणतो. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगानंतर, १९६३ साली, अणुयुद्ध टाळण्यासाठी थेट संपर्काची सोय केली. तिला नाव मिळाले ‘हॉटलाइन’. (आपल्या डोळ्यांपुढे लाल टेलिफोन येतो, पण आरंभी ते टाइप करून मजकूर पाठवण्याचे यंत्र होते.) आणि आजच्या ‘ऑनलाइन’चे बीजही याच तारेत आहे. आता मोबाइलला तार नाही, तरी माणूस ‘लाइनवर’ असतोच.

‘लायनिंग’ची कथा थोडी वेगळी. ती रेघेच्या वाटेने आलेलीच नाही. पूर्वी युरोपात जाड कपड्यांना आतून मऊ लिननचे कापड लावत. लिनन लावणे म्हणजे ‘लाइन’ करणे, आणि ते लावलेले अस्तर ते ‘लायनिंग’. पुढे अस्तर कशाचेही असो, नाव तेच राहिले. आज पाटबंधारे खाते कालव्याला सिमेंटचे अस्तर घालते, शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, त्यालाही ‘लायनिंग’ म्हणतात. जवसाच्या तंतूचा त्यात मागमूस नाही. पाणी जिरू नये म्हणून अंथरलेल्या प्लास्टिकच्या नावात मात्र जवस शिल्लक आहे.

अभिधा आणि लक्षणा

ही सगळी वाढ कशी झाली हे सांगायला आपल्याला परकीय शास्त्राची गरज नाही. साहित्यशास्त्राच्या तासाला आपण शब्दशक्ती शिकतो: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. पुष्कळांना तो भाग परीक्षेपुरता पाठ करण्याचा वाटतो. पण ‘लाइन’वर तो लावून पाहा. दोरा हा अभिधेचा, सरळ अर्थ. त्याच्याशी दिसण्यात सारखेपणा आहे म्हणून रांग. ही सादृश्यावरची लक्षणा. तारेशी विजेचा संबंध आहे म्हणून वीज. येथे सारखेपणा नाही, साहचर्य आहे, तरी लक्षणाच. आणि वर्गातली मुले एकमेकांना डोळ्याने खुणावत जी ‘लाइन’ म्हणतात, तिचा अर्थ कोणत्याही इंग्रजी कोशात शोधून सापडायचा नाही; तो आपण देशी लोकांनी दिलेला आहे. (त्याच गोष्टीला आपल्या आज्या ‘सूत जुळणे’ म्हणत. सूत म्हणजेही दोराच, हे सुज्ञांच्या ध्यानी आले असेलच!)

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. इंग्रजीत नदीचा काठ म्हणजे ‘बँक’ आणि पैसे ठेवायची पेढी म्हणजेही ‘बँक’. इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात आज या दोन अर्थांना जोडणारा धागा उरलेला नाही. ते दोन वेगळ्या वाटांनी इंग्रजीत आलेले दोन शब्द आहेत, रूप तेवढे एक. कोशही त्यांच्या नोंदी वेगळ्या करतो. ‘लाइन’चे तसे नाही. तेथे झाड एक आणि फांद्या अनेक. कुठलीही फांदी धरून खाली उतरत गेले की आपण जवसाच्या त्या दोऱ्यापर्यंत पोचतो.

इंग्रजीच अशी गुंतागुंतीची आहे असे समजण्याचेही कारण नाही. आपले ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागते, पैसे लागतात, झोप लागते, आंबा झाडाला लागतो, आणि तो तुमचा कोण लागतो असेही आपण विचारतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे एक क्रियापद किती छळत असेल! आणि दोऱ्याची रेघ-नियम-मार्गदर्शन अशी वाढ तर आपल्या ‘सूत्रा’चीही झाली आहे. सूत्र म्हणजे शिवण्याचा दोरा. त्यावरून थोडक्यात सांगितलेला नियम ते सूत्र. पाणिनीची सूत्रे, गणितातील सूत्र. दोरी धरणारा तो सूत्रधार. नाटकातला सूत्रधार आणि लाकूडकाम करणारा सुतार हे दोघेही शब्दाच्या नात्याने एकच. सुतार-गवंड्यांच्या मापात इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. “दोन सूत सरकव” म्हणजे पाव इंच सरकव. युरोपातल्या कारागिरांनी आणि आपल्या कारागिरांनी एकमेकांना न विचारता दोऱ्याचाच नियम केला.

मात्र इंग्रजीने जे एका शब्दात गोळा केले ते मराठीने वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवले आहे. भूमितीची ती रेषा, पाटीवरची ती रेघ, वहीतली ती ओळ, माणसांची ती रांग, कपडे वाळत घालायची ती दोरी, विजेची ती तार, कुळाचा तो वंश आणि कपड्याचे ते अस्तर. माणसांची ‘रेघ’ आपण म्हणत नाही, कागदावर ‘रांग’ ओढत नाही. रेखा आणि रेघ हे एकाच शब्दाचे जुने-नवे रूप आहे. ‘ओळ’ ही दीपावलीतल्या ‘आवली’ची लेक आहे. म्हणून ‘लाइन’चा मराठीत अर्थ काय, असा एकाच शब्दाच्या उत्तराचा प्रश्न विचारणे चुकीचे आहे. “द लाइन इज डेड” याचे भाषांतर ‘रेषा मेली आहे’ असे कोणी केले तर आपण हसू, पण गाइडमध्ये ‘लाइन = रेषा’ एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याचा त्यात काय दोष?

प्रकरण पाहून अर्थ

आता दुसरा प्रश्न. इतके अर्थ असून गोंधळ का होत नाही? याचे उत्तर आपल्या जुन्या वैयाकरणांनी देऊन ठेवले आहे. ‘सैंधव’ या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत, मीठ आणि घोडा, कारण दोन्ही सिंधू नदीच्या प्रदेशातून येत. मालकाने सैंधव आणायला सांगितले तर नोकराने काय आणावे? मालक जेवायला बसला असेल तर मीठ, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. जेवणाच्या पानावर घोडा आणून उभा करणारा नोकर शब्दार्थ चुकला नाही; तो प्रसंग चुकला. भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ ग्रंथात अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे: शब्दासोबत आलेले इतर शब्द, चाललेले प्रकरण, देश, काळ वगैरे.

आमची आई भर्तृहरी वाचलेली नाही. पण रेशनच्या दुकानापुढची लाइन आणि खांबावरची लाइन यांत तिचा घोळ होत नाही, कारण ती शब्दाबरोबर प्रसंग ऐकते. आपण कॉलेजात इंग्रजी शिकताना नेमकी हीच गोष्ट सोडून देतो. शब्द सुटा काढतो, त्याच्यापुढे बरोबरचे चिन्ह मांडतो, एक मराठी शब्द लिहितो आणि पाठ करतो. मग उताऱ्यात तो शब्द दुसऱ्या अर्थाने भेटला की दचकतो आणि ‘आपले इंग्रजी कच्चे’ म्हणून मागे सरतो. खेड्यातून आलेल्या, घरात इंग्रजी नसलेल्या मुलांमुलींचा हा धीर फार लवकर खचतो. त्यांना सांगावेसे वाटते की एका शब्दाचे सहासात अर्थ प्रसंगाप्रमाणे ओळखण्याची विद्या आपण घरूनच घेऊन आलो आहोत. ती वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवायचे काही कारण नाही.

ओलांडता न येणारी रेघ

‘लाइन’च्या अर्थांत एक अर्थ मात्र असा आहे की तो नुसता कोशात राहत नाही, माणसांच्या आयुष्यावर ओढला जातो. तो म्हणजे हद्द.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांचा तुरुंग होता. कुंपणाच्या आत काही फुटांवर एक हलका कठडा घातलेला होता. कैद्याने तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. त्या हद्दीला ‘डेडलाइन’ म्हणत. पुढे विसाव्या शतकात वर्तमानपत्रवाल्यांनी हा शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी उचलला. आज शिष्यवृत्तीच्या अर्जाची डेडलाइन चुकली तर कोणी गोळी घालत नाही. पण फी भरायला पैसे नसलेल्या घरातल्या मुलीचे शिक्षण तेथे थांबू शकते. मूळ अर्थ अगदीच विझलेला नाही.

सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी हिंदुस्थानात आले. त्याआधी ते येथे कधी आलेले नव्हते. पंजाब आणि बंगाल यांच्या नकाशावर त्यांनी सुमारे पाच आठवड्यांत रेषा ओढली आणि ती १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाली. ती रेषा शेतांतून, गावांतून आणि घरांच्या नात्यांतून गेली. काश्मीरमधील १९४९ ची युद्धबंदी रेषा १९७२ च्या सिमला करारानंतर ‘नियंत्रण रेषा’ झाली. या रेषांना दोन्ही बाजूंनी सैन्य उभे आहे. म्हणजे ‘लाइन’ या शब्दाचे दोन अर्थ, हद्द आणि सैन्याची फळी, तेथे एकाच जागी भेटतात.

आणि एक रेषा आपल्या अगदी जवळची, दारिद्र्यरेषा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च, ही त्यांची कसोटी. पुढे १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने खेड्यात २४०० आणि शहरात २१०० उष्मांक असे माप धरले. त्यानंतर मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ या वर्षासाठी खेड्यात दरमाणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये ही रेषा धरली, तेव्हा देशात सुमारे २७ कोटी माणसे तिच्याखाली आली. रंगराजन समितीने २०१४ मध्ये त्याच वर्षासाठी ९७२ आणि १४०७ रुपये अशी रेषा सुचवली, तेव्हा खालच्या माणसांची संख्या ३६ कोटींवर गेली.

वर्ष तेच, देश तोच, माणसे तीच, त्यांच्या ताटातली भाकरीही तेवढीच. फक्त दोरी थोडी वर ताणली आणि नऊ कोटी माणसांचे नाव बदलले.

या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. वर सांगितलेल्या सगळ्या अर्थांत ‘लाइन’ ही जगात दिसणारी वस्तू होती: दोरा, तार, रूळ, माणसांची रांग. दारिद्र्यरेषा कोठेच दिसत नाही. तिला भूमितीच्या रेषेप्रमाणे रुंदी नाही. पण तिच्या वर-खाली असण्यावर कोणाला स्वस्त धान्य मिळायचे, कोणाला घरकुल मिळायचे हे ठरत आले आहे. आमच्या वस्तीत लोक विचारतात, “तुमचं नाव बीपीएलमध्ये हाय का?” त्या तीन इंग्रजी अक्षरांत शेवटचे अक्षर ‘लाइन’चे आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते. ज्याला ‘लाइन’चे आठ अर्थ बोलता-बोलता कळतात, त्याला हा नववा अर्थ, जो त्याच्या घरावरूनच ओढलेला आहे, कोणी समजावून सांगितलेला नसतो. ही रेषा कोणी ओढली, कशाच्या मापाने ओढली, आणि ती दोन बोटे वर किंवा खाली सरकली तर काय होते, हे विचारायचे असते हेही त्याला ठाऊक नसते.

अर्थशास्त्राच्या वर्गात दारिद्र्यरेषेची व्याख्या पाच गुणांसाठी येते. ती लिहिताना गवंड्याची एक गोष्ट लक्षात ठेवावी असे मला वाटते. गवंडी दोरी ताणतो तेव्हा ती दोन्ही टोकांना कोठे बांधली आहे हे आधी बघतो. टोक चुकले तर दोरी कितीही सरळ असली तरी भिंत चुकीच्या जागी उभी राहते. रेषा सरळ आहे म्हणून बरोबर आहे असे नसते.

शब्दांचे अर्थ शिकायचे ते परीक्षेसाठी शिकावेतच. पण एक शब्द उलगडत गेले की जवसाच्या शेतापासून सरहद्दीपर्यंत आणि शिंपीणबाईंच्या यंत्रापासून नियोजन मंडळापर्यंत किती जग त्यात वसलेले असते हे कळते. आपल्यापैकी प्रत्येकाने असा एकेक शब्द दत्तक घ्यावा. ‘पास’, ‘फाइल’, ‘नंबर’, ‘पॉइंट’, ‘लाइट’ असे कितीतरी शब्द आपल्या घरांत राबत आहेत. ते प्रथम घरच्या माणसांच्या तोंडून ऐकावेत, मग ग्रंथालयातला कोश उघडावा. कोशातले किती अर्थ आपल्या घरात आहेत आणि घरातले किती अर्थ कोशात नाहीत, याचा हिशोब मांडावा. तो हिशोब मांडला की इंग्रजीची भीती निम्मी कमी होते, आणि घरच्या बोलीबद्दल वाटणारा संकोच तर उरतच नाही.